उलट्या गाठी

प्रिय लेकी,

रविवारी तू येणार आणि तुझ्या पोरीला वसतिगृहात नेणार. तुझी नोकरी फिरतीची, म्हणून ती माझ्याकडे होती. "इथे एकटी पडलीय, घेऊन जा" असं मीच पत्रात कळवलं. पण निघण्याआधी हे वाच.

एकटी होती हे खरं. शाळा सुटली की किनाऱ्यावर जाळी विणणाऱ्या बायकांशेजारी जाऊन बसायची. डावखुरी, त्यामुळे तिच्या गाठी उलट्या पडायच्या. त्या बायकांची मुकादमीण म्हणायची, "तुझ्या गाठीतून मासा हसत निघून जाईल गं बये!" पोरं खिदळायची. संध्याकाळी तिच्या गाठी सोडून कुणीतरी नव्याने घालायचं. ती बघायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. जिद्द तुझीच.

मंगळवारी एका नावाड्याला घाई होती. त्याने जाळं तसंच उचललं, तिच्या ओळभर उलट्या गाठींसकट. दुपारी असं धुकं उतरलं की दहा पावलांपलीकडचं दिसेना. बाकीच्या होड्या परतल्या, त्याचीच येईना. सगळे वाळूवर, मी मात्र घराच्या पायरीवर. तुझे बाबा समुद्रात गेल्यापासून मी खाली उतरत नाही, तुला ठाऊक आहे. तेवढ्यात तिची हाक आली, "आजी, ये ना, ओढतंय!" कशी धावले ते मला आठवत नाही.

तिच्या बोटाला जाळं विणायचा हातभर दोरा गुंडाळलेला होता. त्याचं मोकळं टोक हवेत ताठ, समुद्राच्या दिशेने. पलीकडे काहीच नव्हतं. ती ओढू लागली, तर दोरा संपेचना. ओला, खारट, येतच राहिला. मी तिची कंबर धरली, मुकादमिणीने माझी, मागे पोरांची रांग. "हिच्याच गाठी धरून ये रे बाबा!" मुकादमीण बोंबलत होती. वाळूवर दोऱ्याचा ढीग झाला आणि धुक्यातून होडीचं नाक बाहेर आलं. नावाडी म्हणाला, इंजिन बंद होतं, जाळंच होडीला ओढत होतं. मी इतकी पुस्तकं वाचली, हे कशातच सापडलं नाही.

आता पोरं तिच्यासमोर रांगेत बसतात. मुकादमीण डाव्या हाताने गाठ शिकते, चुकली की "हसू नकोस गं मास्तरीण" म्हणून तिलाच दटावते. काल तिने तीन मैत्रिणी जेवायला आणल्या. माझ्याकडे ताटं कमी पडली!

खरं सांगते. ते पत्र मी तिच्या एकटेपणापायी लिहिलं नव्हतं. ज्याने तुझ्या बाबांना नेलं त्याच्याच काठी ती रोज बसते, हे मला सोसवत नव्हतं. तिचं नाव पुढे करून मी माझी भीती तुझ्याकडे धाडली. मंगळवारी ओढता ओढता मी गुडघाभर पाण्यात होते, नऊ वर्षांनी, आणि होडी दिसली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडले. बाबा परत येणार नाहीत, हे मला कळतं. पण त्या दिवशी एका बाईचा नवरा घरी आला, तुझ्या पोरीने आणला. तेव्हा ते पत्र फाड. रविवारी ये, चार दिवस राहा, पण तिला नेऊ नकोस. तिला विचारलंस तर हेच सांगेल, आणि हल्ली तिचा आवाज पार धक्क्यापर्यंत जातो.

तुझीच,
चूक कबूल करणारी आई