भिंत न घातलेलं घर

आई,

काल चक्कीवरून तिखट आणलं. डबा उघडताच अशी शिंक आली की तूच आठवलीस. तू आणि तो शेठ!

काकांनी ट्रकच्या धंद्यासाठी एकट्याच्या सहीवर कर्ज काढलं होतं. धंदा बुडाला, आणि सत्तरच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात कोर्टानं घरातला त्यांचा हिस्सा लिलावात काढला. घेतला तो कर्ज देणाऱ्या शेठनंच. घर आजोबांचं, कधी वाटणी न झालेलं. अर्धं काकांचं, अर्धं बाबांच्या मागे आपलं. जो तो तुला एकच सांगत होता, मधोमध भिंत घाल आणि आपलं अर्धं वाचव. मामानं तर गवंडीच आणून उभा केला. तू मात्र धरमपेठेतल्या वकिलांकडे जाऊन आली होतीस. राहतं घर एकत्र असेल, तर हिस्सा घेणाऱ्या परक्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. आणि त्यानं तो लावला, की कोर्ट ठरवेल त्या किमतीत तो हिस्सा परत घ्यायचा हक्क घरच्यांचा. भिंत घातली असती तर तो हक्क आपणच गमावला असता. गवंड्याला चहा पाजून तू परत पाठवलंस. काकूनं शरमेनं मागच्या खोलीत वेगळा स्टोव्ह मांडला होता, तोही उचलून आणलास. "काहून वेगळं शिजवून राहिली वं? कर्ज त्यायनं काढलं, तू नाई. चाल, भाकरी टाक."

मग एका सकाळी शेठ खोल्या पाहायला येतो. अंगणात तू आणि काकू विकायच्या तिखटासाठी भिवापुरी मिरची कांडताय, मी ओसरीवर उभी आहे. "माझा हिस्सा दाखवा," तो म्हणतो. तुझं मुसळ थांबत नाही. "पाहा ना शेठजी, सारं घर पाहा. अर्धी चूल तुमची, अर्धी विहीर तुमची. कोनती अर्धी, ते मले बी नाई मालूम. कोर्टाले इचारा." उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं आणि शिंका सुरू झाल्या, त्या थेट फाटकापर्यंत. कित्येक महिने न हसलेली काकू पदर तोंडात कोंबून खालीच बसली.

त्यानं दावा लावलाच. तू कोर्टात उभी राहून सांगितलंस, आम्ही घेतो. त्यात माझ्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या गेल्या आणि दोन उन्हाळ्यांच्या तिखटाची कमाई गेली. शेजारणी हळहळल्या. मी काचेच्या बांगड्या भरून बोहल्यावर उभी राहिले, आणि काय तोरा होता माझा! सासूबाईंनी सोनं कुठं आहे विचारलं, तेव्हा म्हटलं, घरात आहे. आणि तो हिस्सा तू कुणाच्या नावावर केलास? काकूच्या! "भाऊजी मनाचे चांगले हायेत, पन सही लय लवकर करते," एवढंच म्हणालीस. आई गं, अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आता मी प्रतापनगरला राहते. तू गेल्यावरही काकू त्याच घरात आहे, अजून एकाच चुलीवर दोन्हीकडच्या सुनांवर खेकसते. हे पत्र तिकडे टाकलं तर तीच उघडेल आणि दिवसभर रडत बसेल, म्हणून टाकत नाही. पण खरं सांगू? पाकिटावर पत्ता लिहिलाय, आपला, अर्ध्या घराचा नाही, पूर्ण. तो लिहायला मिळावा म्हणूनच हे सगळं लिहिलं.