लोखंडापुढचं निरांजन

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
आश्विन वद्य २, सन १९६३

प्रिय रंजना,

दत्तमहाराज तुझ्या पाठीशी असोत. तुझे मोठे काका केळीच्या ट्रकबरोबर बडोद्याला जाऊन काल परतले. वहाणा न काढताच ओट्यावरून त्यांनी सांगितलं, की तिथे तुझ्या प्रयोगशाळेत काचेची नळी फुटली आणि पोरीचा उजवा हात मनगटापर्यंत बांधलेला आहे. तुझी आई पीठ मळत होती. तशाच हातांनी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

तुझं आषाढातलं पत्र मला आठवत होतं. तापलेल्या लोखंडाच्या भुकटीवरून तू हायड्रोजन आणि ऑक्सिजन सोडतेस. ऑक्सिजन लोखंडाला धरून बसतो, हायड्रोजन त्याला तिथून सोडवतो, आणि दोघांचं पाणी होऊन नळीच्या गार टोकाशी थेंब जमतात. पाण्याने लोखंड गंजतं एवढंच आमच्या गावच्या शाळेने शिकवलेलं. गंजातून पाणी निघतं हे वाचून मी पंपाच्या इंजिनाशेजारी बराच वेळ बसून राहिलो होतो. काका तेव्हा हसले होते, "लोखंडले घाम येस का रे भाऊ? तुन्ही पोर काय बी सांगस!" मी म्हटलं, येत असेल, आपण कधी बघितलं?

काल ते हसत नव्हते. "हात बिघडना ते कोण पत्करी तिले? प्रकाशानी मंडळी आज हा म्हणस, उद्या म्हणी का?" प्रकाशा गावच्या त्या स्थळाशी तुझं बोलणं त्यांनीच लावलेलं, म्हणून त्यांना घोर जास्त.

नळी कशी फुटली हे तू त्यांना सांगितलं नाहीस. पण नळी दसऱ्याला सकाळी फुटली, टेबलावर कुंकू होतं, झेंडूच्या पाकळ्या होत्या, एवढं त्यांनी ऐकून आणलं. मला पुढचं विचारावं लागलं नाही. आपल्याकडे दसऱ्याला इंजिनाला आणि नांगराच्या फाळाला हळदकुंकू लावून तूच निरांजन ओवाळायचीस. तिथल्या लोखंडालाही ओवाळलंस. नळीतून वायू झिरपत असणार, ज्योत मिळाली आणि भडकला.

आज पहाटे देवापुढे बसलो, तर तुझ्यावर रागवावं की तुला जवळ घ्यावं, कळेना. तुझी श्रद्धा चुकली असं मी म्हणणार नाही. मात्र पुढच्या दसऱ्याला त्या लोखंडाला लांबून नुसते हात जोड, देवाला तेवढं पोचतं. बोटं हलतात का? अंगठा वळतो का? दुखत असेल तर सोस, पण कुठे काहीच कळेनासं झालं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काका परवा पुन्हा बडोद्याला निघताहेत. ते तुला सांगतील की बापूच्या छातीत कळ आली, अंथरूण धरलंय, आत्ताच्या आत्ता चल. तू आलीस की प्रकाशाची मंडळी घरात बसलेली असतील, आणि मग तुझं परत जाणं व्हायचं नाही. हे ठरलं तेव्हा मी तिथेच होतो. थोरल्या भावाला आजवर उलट बोललो नाही, कालही नाही, आणि तुझ्या आईकडे पाहिल्यावर तर जीभच उचलेना. म्हणून हे पत्र घेऊन नंदुरबारला निघालो आहे. रेल्वेच्या टपालात माझ्या हाताने टाकीन. ते काकांच्या आधी पोचो. मी धडधाकट आहे, बाळ. काका तुझ्यापुढे रडतील, खरोखरच रडतील, त्यांचा तुझ्यावर जीव आहे. तरी निघू नकोस.

तुझेच,
बापू