बाटलीभर आंब

आई, तुला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि मी तुला पहिल्यांदाच काही लिहितोय. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षर कसं असेल ते तुला ठाऊक आहे, आणि तुला तरी वाचायला कुठं येत होतं. पण या थंडीत घरी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं असं वाटत नाही.

नातीला नाताळची सुट्टी लागली की मुलगा, सून आणि ती सोलापुरातून इकडं शेतावर येतात. गेल्या साली दोन दिवसांत परत गेली, कारण पोरगी कंटाळली. बायको जाऊनही आता चार वर्षं झाली; ती तिघं गेली की मी आणि कुत्रं एवढंच उरतं. म्हणून यंदा दिवाळीपासूनच माझा जीव टांगणीला. बंब गळेल का, गोधड्यांना वास येईल का, पोरीला गारठा बाधेल का, आणि या वेळी तरी चार दिवस राहतील का. तू असतीस तर हसली असतीस. मला ती सकाळ आठवते. तू चुलीपुढं भाकरी थापतेस आणि मी दारात उभा राहून आभाळाकडं बघतोय, ढग आले तर दव पडणार नाही म्हणून. तू म्हणतेस, "चुलीत लाकूड घातलं तर त्ये जळंल का न्हाय, ह्याचाबी घोर तुला! बस की हितं गप." आणि भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून, त्यावर लोणी घालून माझ्या हातात देतेस. बोलणं आणि लोणी तुझ्याकडून नेहमी बरोबरच मिळायचं.

तर यंदा मला तुझी आंब आठवली. माळशिरसकडं आता जिकडंतिकडं ऊस आहे, पण मी पाऊण एकर हरभरा राखलाय, लोक हसतात तरी. मी नातीला सांगितलं की हरभऱ्याच्या पाल्यावर पडलेलं दव आंबट होतं, संध्याकाळी पिकावर स्वच्छ धोतर पसरायचं, उजाडता ते ओलं झालेलं पिळून घ्यायचं, तीच आंब. पोट दुखलं की चमचाभर पाण्यातून द्यायची. तू कितीजणांना दिलीस ते सांगितलं. तिनं लगेच काचेची बाटली धुतली आणि म्हणाली, "ही भरल्याशिवाय मी घरी जाणार नाही."

पहिल्याच सकाळी घोळ झाला. मी उठून बघतो तर हरभऱ्यावर धोतर नाही. मी बांधाबांधानं शोधायला लागलो. इतक्यात सून हात पुसत आली. "मामा, तुमचं धोतर वाऱ्यानं उडून शेतात गेलं होतं. चिखल लागला असेल म्हणून पावडरमध्ये भिजवलं." नात कपाळाला हात लावून खाली बसली. मुलगा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "आप्पा, आता पोट दुखलं तर फेस द्या लोकांना!" सून आधी ओशाळली, मग तीही हसायला लागली. घरात एवढं हसू मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळं जमलं. मी आणि मुलगा धोतराची टोकं धरून पीळ द्यायचो, नात खाली पातेलं धरायची, बोट बुडवून चाटायची आणि डोळे मिटून घ्यायची. भेगाळलेल्या टाचांना हरभऱ्यातून चालताना जे झोंबतं, ते मुलाला इतक्या वर्षांनी झोंबलं आणि तो एका पायावर नाचत बांधावर आला. मग सुनेनं भाजीसाठी शेंडे खुडले, मी शेणीच्या आगटीत हुरडा भाजला, आणि मुलानं लॅपटॉप उघडलाच नाही. पण बाटली निम्म्याच्या वर गेली. मुलगा म्हणाला, "उद्या भरतीय बगा. परवा निघू."

आई, मग मी काय केलं ते ऐक. दुपारी सगळी विहिरीकडं गेली तेव्हा मी बाटलीतली चांगली वाटीभर आंब बांधावर ओतली. दुसऱ्या दिवशी परत ओतली. नात बाटली उजेडात धरून म्हणाली, "आप्पा, काल इथपर्यंत होती ना?" मी म्हटलं, "थंडीनं आवळती ती." मुलगा म्हणाला, "थंडीनं? कुटं ऐकलंय असलं?" मी म्हटलं, "तुझी आजी सांगायची." तुझं नाव घेऊन सांगितलं, हे खरं.

तिसऱ्या दिवशी ओतताना मागं पाहिलं तर सून उभी. ती चपला न्यायला परत आली होती. माझ्या हातात उपडी बाटली. तिनं बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मामा, बांधावर नका ओतू, मुंग्या लागतील. जरा पलीकडं ओता." चपला घालून ती निघूनही गेली. जेवताना नवऱ्याला म्हणाली, "पोरीनं एवढं मनावर घेतलंय, तर शाळा सुरू होईपर्यंत राहूया की. तुमच्या रजा पडूनच आहेत." तो माझ्याकडं बघत म्हणाला, "चालतंय की. आप्पांची आंब आवळायची तरी थांबू दे."

आठ दिवस राहिली, आई. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, गव्हाच्या कोठीमागं ठेवीन. पण तुला एक सांगायचं राहिलं. तुझी आंब मातीत घातली, वर तुझ्या नावावर खोटं बोललो, तेव्हा मला धास्ती वाटायला हवी होती. मी वाट बघितली, वाटली नाही. त्या दुपारी जेवून मी आडवा झालो तो थेट चहालाच उठलो.