खालच्या शेतातला घोडेस्वार

१४ सप्टेंबर, शनिवार

बाथरूमची कडी काढली! मला न विचारता! मी खाली चहा घेत होते आणि वर साकेत स्क्रूड्रायव्हर घेऊन माझी अब्रू उघडी करत होता. "आई, तू पडली तर आम्हाला आत येता आलं पाहिजे ना." बेडरूमला कडी आधीपासूनच नाही. म्हणजे या घरात मला आतून लावता येईल असं आता एकही दार उरलं नाही.

उभा जन्म हॉस्पिटलात लोकांचे एक्स-रे काढले. श्वास रोखा, हलू नका. आता उठसूट मलाच सगळे सांगतात — हलू नका.

१७ सप्टेंबर

खुबा मोडला फेब्रुवारीत, लंडनमधल्या ईलिंगच्या माझ्या घरात, माझ्या स्वतःच्या जिन्यावर. "आई, सहा आठवडे आमच्याकडे चल." चला म्हटलं. तो खुबा सांधून जुना झाला, सहा आठवडे मात्र चालूच आहेत!

आज जेवताना पुन्हा विचारलं, घरी कधी सोडतोस? "लेट्स सी, आई. आफ्टर हाफ टर्म." या घरात शाळेत जाणारं मूल नाही. हाफ टर्म कुणाची?

म्हटलं, बरं, निदान माझा जाड कोट तरी आण. आणि गेलास की देवांना एकदा पुसून ये. म्हणाला, "देव बरे आहेत आई. तुझ्या सिल्कच्या पिशवीत ठेवलेत." तनिषाने ताबडतोब डिशवॉशर उघडला. ही माझी सून, पुण्याची, आयटीतली. अवघड बोलणं निघालं की हिला भांडी लावायची असतात.

मी काही देवभोळी नाही. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी येशू शिकवला, सासूबाईंनी सोवळं शिकवलं, दोन्ही अर्धवट राहिलं. पण ते पाच टाक माझे आहेत. सासूबाईंनी माझ्या हातात दिलेले. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले देव, एकेक जेमतेम काडेपेटीएवढा. त्यातल्या खंडोबाच्या घोड्याच्या पाठीवर दोन खोल खळगे आहेत. साकेतला दात येत होते तेव्हा देव्हाऱ्यातून उचलून चावला होता. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आलेल्या. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. तर म्हणाल्या, "देवालाच चावला कार्टा! आता हा कुणाला भितोय!"

चुकलंच त्यांचं. बायकोला भितो, बॉसला भितो, शेजाऱ्याच्या मांजराला भितो.

२१ सप्टेंबर

गॅरेजमध्ये एक मेटल डिटेक्टर सापडला, खोक्यासकट. साकेत दर हिवाळ्यात एक छंद विकत घेतो आणि वसंतात गॅरेजमध्ये पुरतो. पावाचं यंत्र आहे, टेलिस्कोप आहे, रबराची होडीसुद्धा आहे. मी डिटेक्टर उचलला. फारसा जड नाही, काठीसारखा धरता येतो. ही काठी चालेल मला! ती हॉस्पिटलची करड्या रंगाची कुबडी नाही चालत.

साकेत खूश. "गुड आई, कीप बिझी." लायब्ररीतल्या बोर्डावर डिटेक्टरवाल्यांच्या क्लबचा नंबर होता. फोन केला. कीथ नावाचा गृहस्थ आहे, बसवर ड्रायव्हर होता. शनिवारी गाडीतून नेतो म्हणाला. इथे गाडीशिवाय माणूस म्हणजे कुंडीतलं झाड. एक गोल चौक, म्हणजे राउंडअबाउट, मग दुसरा राउंडअबाउट, मग आणखी एक राउंडअबाउट. आणि माझी गाडी साकेतने "सध्या" कुणाला तरी दिलीय.

२८ सप्टेंबर

गावाबाहेर, नदीला लागून, मिसेस टॉम्पकिन्सचं शेत. गहू काढून झालाय, नुसते खुंट उरलेत. या आठवड्यात नदीला पूर आला होता म्हणून खालचं शेत पाण्यात. वरच्या शेतातच फिरलो.

कीथने नियम सांगितले. मालकिणीच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. खड्डा केला तर बुजवायचा, वर ढेकूळ परत बसवायचं. सापडेल ते तिला दाखवायचं. आणि काही झालं तरी घासायचं नाही! "नेव्हर रब इट, लव्ह. माती असते तशीच राहू दे. घासलंस की हिस्ट्री गेली." (लव्ह इथे भाजीवालासुद्धा म्हणतो.)

दिवसभरात मिळालं: कोकच्या कॅनच्या रिंगा, बंदुकीच्या काडतुसाची टोपी, एक बटण, राणी व्हिक्टोरियाची पेनी — इतकी झिजलेली की राणीला नाकच नाही. कीथ टाळ्या वाजवायला लागला. मी म्हटलं, अरे बाबा, मी पोरांच्या पोटातून याहून चांगली नाणी शोधलीत. तीही न खणता!

खूप हसला. मीही. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

२ ऑक्टोबर

साकेतने फोनमध्ये कसलंसं अ‍ॅप घातलंय. मी कुठे आहे ते त्याला ऑफिसात बसून नकाशावर दिसतं. निळा ठिपका. मी — निळा ठिपका!

"आई, तू नदीकडे का गेली होतीस?"

"गेले नव्हते. कुंपणापाशी उभी होते."

"नो, पण खालच्या शेतात जायचं नाही. प्रॉमिस मी."

"का?"

"चिखल आहे. तू पडशील."

वरच्या शेतात काय गालिचा आहे? तिथे पडले तर चालतं वाटतं! चिडला, चेहरा लाल. शाळेत खोटं बोलून आला की व्हायचा तसा. तनिषा भांडी लावत होती.

९ ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. तनिषाने रंगवायचं पुस्तक आणून दिलं. "आई, तुम्हाला शांत वाटेल." पहिल्या पानावर मोर. मी मोराभोवती पिंजरा काढून रंगवला. छान झालाय.

१२ ऑक्टोबर

मिसेस टॉम्पकिन्सने चहाला आत बोलावलं. माझ्याहून मोठी असेल. गुडघ्यापर्यंत बूट, दोन कुत्री, आणि तोंड माझ्यासारखंच फटकळ. बशीत बिस्किटं ठेवली ती आधी कुत्र्यांनी हुंगली, मग मी खाल्ली.

तिचाही मुलगा आहे, रेडिंगला. शेत विकून तिने बंगलोत राहावं म्हणतो. बंगलो म्हणजे इथे जिना नसलेलं म्हाताऱ्यांचं घर. "म्हटलं, एवढा आवडला असेल तर तूच जाऊन राहा." तबेल्यावरची खोली दाखवली. पूर्वी तिथे गडी राहायचा, आता नुसते उंदीर. जिना आहे, पण कठडा धड आहे. खिडकीतून सगळं खालचं शेत दिसतं, थेट नदीपर्यंत. मी म्हटलं, व्ह्यू फुकट घालवतेस. म्हणाली, "उंदरांना आवडतो."

येताना सांगितलं, पाणी उतरलंय, पुढच्या वेळी खालच्या शेतात जा की. म्हटलं, मला बंदी आहे. "कुणाची?" मुलाची. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातलं बिस्किट कुत्र्याला देऊन टाकलं.

२० ऑक्टोबर, रविवार

गेले! कीथबरोबर खालच्या शेतात गेले. फोन घरी सोफ्याच्या उशीखाली ठेवला. ठिपका टीव्ही बघत बसलाय.

पुराने शेतभर कचरा आणून टाकलाय. फांद्या, प्लास्टिक, कुणाचा तरी एक बूट. नदीपासून लांब नाही, कुंपणाच्या तारेजवळ, मशीन असं वाजलं की मी जागीच थांबले. रिंगांचा आवाज किरटा असतो. हा स्वच्छ, गोल. खोल खणावं लागलंच नाही, खुरपं लावलं आणि गाळासकट वर आलं. पातळ पत्र्याचा तुकडा, चिखलाने लडबडलेला. कीथने चष्मा वर केला. घोड्याचं डोकं दिसत होतं आणि वर एक माणूस.

"रोमन!" तो ओरडलाच. "रायडर गॉड! सुनीती, लव्ह, यू'व्ह डन इट!" चांदीचं असेल आणि तेवढं जुनं असेल तर सरकारला कळवावं लागतं म्हणे, म्युझियमचे लोक येतील, माझं नाव लागेल. त्याने फोटो काढले. डबीत घालून माझ्याच हातात दिलं, उद्या म्युझियमच्या ऑफिसरला फोन करतो म्हणाला. "तुझा फाइंड आहे, आजची रात्र तुझ्याकडे राहू दे. आणि काय करायचं नाही?"

घासायचं नाही, मी म्हटलं.

माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. देवाशप्पथ नाही आलं. रोमन म्हटल्यावर मी रोमनच पाहिला.

तोच दिवस, संध्याकाळ

घरात कुणी नव्हतं. डबी ओट्यावर ठेवली. चांदी काळी पडलेली, कोपऱ्यांत गाळ. तनिषाने आमटीसाठी चिंच भिजत घातली होती. हात आपोआप गेला. विचार करून नाही. काळी चांदी दिसली की आमच्या बायकांचा हात चिंचेकडे जातोच, नवरात्राआधी वर्षानुवर्षं गेलाय. चिमूटभर कोळ घेतला, अंगठ्याने चोळला, आणि मग कीथ आठवला. गेली हिस्ट्री! नळाखाली धरलं.

घोडा. घोड्यावर दोघं, एक नाही. मागे म्हाळसा. पायाशी कुत्रा.

आणि घोड्याच्या पाठीवर दोन खळगे.

अंगठा फिरवला. बसतो तो त्यात. नेहमीच बसायचा.

२१ ऑक्टोबर

सकाळी साकेतच्या ताटलीत ठेवला, टोस्टच्या जागी.

त्याने ताटली सरकवली, टोस्टरमधला टोस्ट हातात घेतला. मग म्हणाला, "आई, आय वॉज गोइंग टू टेल यू."

घर विकलं. जुलैत. मी हॉस्पिटलात ज्या मुखत्यारपत्रावर सही केली होती — "बिलं भरायला लागतं आई, नुसतं फॉर्मॅलिटी" — त्यावर. सही माझीच, वाचून केलेली. मुलावर विश्वास ठेवायचा नाही असं त्यात कुठेच लिहिलं नव्हतं.

"तू जिन्यावरून परत पडली असती! आणि तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"म्हणून विचारलं नाही."

एवढं एक वाक्य मात्र त्याने सरळ माझ्याकडे बघून म्हटलं.

मग देवांचं. घर रिकामं करताना पिशवी घेऊन आला. इथे आणली तर मला घर गेल्याचं कळेल. टाकवेना. पुण्याच्या कुणा गुरुजींना व्हिडिओ कॉल केला. गुरुजी म्हणाले, वाहत्या पाण्यात सोडा, नमस्कार करा. हा ऑफिसच्या शर्टात नदीवर गेला, पिशवी काढली, तर एक बाई कुत्रा घेऊन उभी. "आई, नदीत काही टाकला तर फाइन होतो इथे." ती जाईना. शेवटी पिशवी काठावर गवतात ठेवली, बुटाची नाडी बांधायचं नाटक करत वाकून नमस्कार केला आणि पळाला.

पुढचं काम पुराने केलं.

रडत होता. पन्नाशीला आलेला माणूस, टोस्टचे तुकडे करत. लहानपणी रडला की मी जवळ घ्यायचे. हात निम्म्यापर्यंत गेला माझा. मग परत घेतला.

तनिषा भांडी लावत नव्हती. पहिल्यांदाच. म्हणाली, "आई, मी सांगितलं होतं त्यांना, खोटं नको." मला सांगायचं होतंस गं, मी म्हटलं. तुझं तोंड कुणी बांधलं होतं?

दुपारी कीथचा फोन. ऑफिसर फोटो बघून गोंधळलाय, असा रोमन त्याने पाहिला नाही. म्हटलं, पाहणार कुठून? तो आमच्या घरचा आहे. आणि मी तो चिंचेने घासलाय. मग म्हणाला, "ओह, लव्ह. विथ व्हॉट?"

२२ ऑक्टोबर

सापडलेलं मालकिणीला दाखवायचं, असा नियम. नेऊन दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"कुणाचं आहे?"

"माझं."

"मग माझ्या शेतात काय करत होतं?"

सगळं सांगितलं. चहा गार झाला. आणखी चार आहेत, म्हटलं, असेच, त्याच पिशवीतले. सगळे इथेच कुठेतरी तुझ्या गाळात.

"मार्चमध्ये मी तिथे पेरते," ती म्हणाली. "तोवर शेत तुझं." मग कुत्र्याकडे बघत, जसं काही त्यालाच सांगतेय: "उंदीर हाकलावे लागतील."

२३ ऑक्टोबर

खोली पुन्हा बघून आले. छपराला ओल आहे, गरम पाणी यायला वेळ लागतो, खिडकीची तावदानं खडखडतात. पेन्शन माझी माझ्या खात्यात येते, भाडं ठरवून टाकलं. साकेत म्हणतो, आई, बी सेन्सिबल, तिथे तुला काही झालं तर आम्ही आत कसे येणार?

दार ठोठावायचं.

आतून कडी आहे. दोनदा लावून पाहिली.