गीझरची रेघ

ता. ६ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

थांबा, गीझर लागला. आत्ता, हे लिहायला बसले तेवढ्यात. फोनवर तुमच्या घराची रेघ वर गेली आणि माझा जीव भांड्यात पडला. आता नीट लिहिते.

तुमच्याकडे विजेचा नवा मीटर बसला आणि तुमचा वापर माझ्या फोनवर दिसायला लागला, तेव्हापासून माझी सकाळ अशीच जाते. हात डबे भरतात, डोळे फोनवर. प्रयोगशाळेत दिवसभर लोकांच्या रक्ताचे आकडे बघते, त्यांची तोंडं कधी दिसत नाहीत. तुमचंही आता तसंच झालं आहे. फोन तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मेसेज लिहायला बसलात तर एका बोटाखाली तीन अक्षरं येतात. मग उरली ही रेघ.

आपलं ठरलेलं लक्षात आहे ना? सकाळी गीझर लागला की दादा आणि मी, दोघंही तुम्हाला ‘इकडे राहायला या’ म्हणणार नाही. ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी दादा गाडी घेऊन निघेल. त्याने तुमच्यासाठी खोलीला रंगसुद्धा काढून ठेवला आहे.

आणखी एक. रात्री तुम्ही झोपलेले असता, सगळं बंद असतं, तरी रेघ पुरती खाली येत नाही. फ्रिज धरूनही जास्त वाटते. कुठेतरी वीज गळते आहे. वायरमनला बोलवा, स्वतः खोलू नका.

रागावलात तरी चालेल, पण कागदावर रागवा.

तुमची,
टिटवी

---

ता. ११ जानेवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं हे नाव मी उगाच ठेवलं नाही. शाळेत असतानाही घरातल्या कोणाला यायला जरा उशीर झाला की तू दारात उभी राहून आळी डोक्यावर घ्यायचीस. आता तुला यंत्र मिळालं.

वायरमन आला. मागच्या खोलीतली, माझ्या लेथ मशीनकडे जाणारी वायर भिंतीत कुजली होती. त्या भिंतीला हात लावला की मला मुंग्या यायच्या. मी समजत होतो, वय झालं. तो म्हणाला की आणखी थोडे दिवस गेले असते तर मुंग्यांवर भागलं नसतं. तेव्हा तुझ्या मीटरचा एवढा गुण मी मान्य करतो. शिवाय रीडिंग घ्यायला येणारा तो माणूस बंद झाला, जो दाराबाहेरूनच अंदाजाने आकडा टाकून जायचा.

आता अवगुण ऐक. परवा मला गार पाण्याने अंघोळ करावीशी वाटली. केली. बाहेर येतो तर वरच्या मजल्यावरचे बँडमास्तर दारात, अर्ध्या गालावर साबण, हातात वस्तरा. तू त्यांना फोन केला होतास. माझ्या घरात मी गार पाणी घ्यावं की गरम, याची दोन मजल्यांवर चर्चा. त्या दिवसापासून नको असला तरी मी गीझर लावतो, पाणी तसंच राहू देतो आणि गार घेतो. ती वीज तुझ्या नावावर.

दुपारी जो उंचवटा दिसतो तो लेथचा. बँडमास्तरांच्या कर्ण्याची एक दांडी करतो आहे. ते वर वाजवतात, मी खाली बहिरा. माझ्यासारखा शेजारी त्यांना शोधून मिळणार नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. त्यांच्याही घराची रेघ कोणी बघतं का, विचार.

बाबा

---

ता. १८ जानेवारी

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, जेवणाच्या सुट्टीत. गार पाण्याच्या गोष्टी मला सांगता आणि आज काय चाललंय? सकाळपासून गीझर चालू तो चालूच. इतका वेळ वर राहिलेली रेघ मी अजून पाहिली नव्हती. कपाटातल्या सगळ्या चादरी धुवायला काढल्यात, की मला चिडवायला नळ सोडून बसलात? इथल्या बायकांना दाखवलं. त्या म्हणाल्या, तुझे वडील भलतेच शौकीन दिसतात.

खरं सांगू, बरं वाटलं. आज पहिल्यांदा दुपारपर्यंत मन कामात राहिलं.

चादरी झाल्या की उत्तर लिहा.

टिटवी

---

ता. २७ जानेवारी

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षराकडे बघू नकोस, पाठीला उशी घेऊन लिहितो आहे. थंडीने आखडलो आहे, बाकी काही नाही. चादरी झाल्या.

रेघ बघतेस ना? मग झालं तर.

बाबा

---

ता. २ फेब्रुवारी

मा. बँडमास्तर काका यांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘सगळं ठीक आहे’ म्हणता आणि लगेच कर्णा घासायचा आहे म्हणून ठेवून देता. म्हणून लिहिते.

बाबांनी आयुष्यात कारखान्याचा भोंगा सोडून कशाचीही वेळ पाळली नाही. त्यांची रेघ कधी लवकर, कधी उशिरा, कधी रेंगाळलेली. गेले काही दिवस ती घड्याळाच्या ठोक्याला वर जाते आणि ठोक्याला खाली येते. रोज तेवढीच रुंद. दुपारचा लेथचा उंचवटा नाही. संध्याकाळचा दिवा नाही. बाटल्यांवरची नावं तीच असली तरी नमुने बदलल्याचं माझ्या लक्षात येतं, काका. ही रेघ माझ्या वडिलांची नाही.

कोणाची आहे, तेवढं कळवा.

आपली,
खालच्यांची मुलगी

---

ता. ५ फेब्रुवारी

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रेघ माझी. बँडमध्ये उभा जन्म गेला, ठोका चुकवायची सवय नाही. तिथेच फसलो.

तुझे वडील दवाखान्यात आहेत. जिवाला धोका नाही, हे आधी वाच. अठरा तारखेला सकाळी गीझर लावून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. नळापर्यंत हात पोचेना. पाणी वाहत राहिलं, गीझर तापत राहिला. मला वर काही कळलं नाही. ओरडले असतील, पण मी सराव करत होतो. दुपारी आमच्या नळाला पाणी येईना. गच्चीवरची टाकी बघितली तर कोरडी. कोणाचा नळ उघडा राहिला म्हणून भांडायला खाली आलो. आत पाणी वाहताना ऐकू येत होतं आणि दार कोणी उघडेना, म्हणून कडी तोडून आत गेलो.

शुद्धीवर होते. स्ट्रेचरवर घेताना मला त्यांनी किल्ली दिली आणि सांगितलं, उद्यापासून गीझर तुम्ही लावायचा, पोरीला कळता कामा नये, कळलं तर घर सुटलं. मी नको म्हणालो. त्यांनी मान वळवली. त्यांनी मान वळवल्यावर कोणाशी बोलायचं?

तुझं चादरींचं पत्र त्यांना मीच नेऊन दिलं. ते वाचून हसले. मला हसू आलं नाही.

तू ये. मी रोज इथे खोटा दिवस उजाडवतो, ते आता माझ्याने होत नाही.

तुझा,
वरचा काका

---

ता. १५ फेब्रुवारी, घरातूनच

ती. बाबा,
सा. न.

दवाखान्यातून घरी आलात, आता तुम्ही स्वयंपाकघरात आहात, मी बाहेरच्या खोलीत. आज दोनदा बोलायला आले, दोन्ही वेळा तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. म्हणून हे लिहून तुमच्या वॉकरच्या दांडीला अडकवते. तो घेतल्याशिवाय उठता येणार नाही तुम्हाला.

तुम्ही फरशीवर होतात आणि मी ती रेघ चारचौघींना दाखवत होते. या वाक्याच्या पुढे मला लिहिता येत नाही, तरी लिहिते. दादा म्हणतो, ठरलेलं मोडलं, उद्या गाडी आणतो. तो चुकीचं बोलत नाही. तुम्हाला नेलं तर मला झोप लागेल. पण त्या रंगवलेल्या खोलीत तुम्ही खिडकीपाशी बसलेले मला दिसता, हातांना काही काम नाही, आणि मी पुन्हा उठून बसते. फोनवरून ती रेघ काढून टाकली होती. इकडे येताना बसमध्ये परत घेतली. सुरुवातीला तिने भिंतीतली वायर दाखवली म्हणून तिच्यावर विश्वास बसला. आता बसत नाही आणि बघितल्याशिवायही राहवत नाही.

मला काय हवं ते मलाच कळेना. तुम्ही सांगा. मान न वळवता.

टिटवी

---

त्याच कागदामागे

चि. टिटवीस,

पडल्यावर घाबरलो नव्हतो. नळ वाहतो आहे, गीझर चालू आहे, पोर बघत असेल, तिला कळेल, असं वाटलं. कोणीतरी येऊन दार वाजवेल. मग आठवलं, वाजवलं तरी मला ऐकू येणार नाही. म्हणून कडीकडे बघत राहिलो, ती हलते का. असा किती वेळ गेला ते विचारू नकोस.

तू बघतच होतीस. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मीटर वीज मोजायला बसवला आहे, मला मोजायला नाही, हे आपण दोघंही विसरलो. मी जास्त विसरलो, कारण नंतर त्याच्याशी खोटंही बोलायला लागलो.

दादाला सांग, ठरलेलं मोडलेलं नाही. पडलो तेव्हापासून गीझर एकही दिवस चुकला नाही. कोणी लावायचा हे आपण ठरवलं नव्हतं. हसू येत असेल तर हस.

गाडीत मी बसणार नाही. मागच्या खोलीपर्यंत चालत जातो, आज लेथवरची धूळ पुसली. पण बाथरूममध्ये जायची भीती वाटते, हे तुला सांगून ठेवतो, दादाला सांगू नकोस. एकटा राहीन असा हट्ट आता धरवत नाही. थोडे दिवस तू इथे राहा. मला रेघेवर बघू नकोस, चालताना बघ, पडताना बघ. त्यानंतर जे म्हणशील ते ऐकेन. माझं ऐकणं म्हणजे तुझ्या तोंडाकडे बघणं, तेवढं करेन.

आशीर्वाद आहेतच.

बाबा

---

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गाडी घेऊन आला. त्याने चहा घेतला, बाथरूममध्ये भिंतीला धरायची दांडी बसवली आणि गाडी रिकामी परत नेली. मुलगीही तिच्यात बसली नाही.