हळदीच्या नोंदी

कसबा बावडा,
शनिवार, ११ फेब्रुवारी २००६

प्रिय निर्मला,

अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच. आकाराम कंडक्टरला उद्या सकाळी गडहिंग्लजच्या गाडीवर ड्युटी आहे, त्याच्या हातात देतोय. पोस्टात टाकलं तर तुला बुधवारी-गुरुवारी मिळणार, आणि गुरुवारी तर मुंबईचे डॉक्टर येणार. फोन करून करून मी थकलो. तुझ्या माहेरी सोमेशच उचलतो, अक्का येत न्हाई एवढं सांगतो आणि ठेवतो. काल मात्र तो दोन वाक्यं जास्त बोलला. मंगळवारी सौंदर्याला जेवताना फिट आली आणि घास अडकला, हे त्याच्याकडनं कळलं. आणि तू म्हणतेस म्हणे, दाखवायला नोंदीच राहिल्या नाहीत तर कुठल्या तोंडानं डॉक्टरांपुढं बसू. असं करू नकोस, मी तुझ्या पाया पडतो. ही तारीख पाच महिन्यांनी मिळाली आहे. चुकली तर पुढची जुलैमध्ये. हल्ली दिवसाला तीन-तीन फिट येणारी सात वर्षांची पोरगी जुलैपर्यंत कशी काढायची, सांग की.

तुला आठवतं का, डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलंच नव्हतं. तुझ्याकडं बघून म्हणाले होते की वर्षभराची प्रत्येक फिट लिहून ठेवा, किती वाजता, किती मिनिटं, कुठल्या हातापासून सुरू झाली, त्यावरच औषध बदलायचं की ऑपरेशन ते ठरेल. तू येतानाच महाद्वार रोडवर शंभर पानी वही घेतलीस. मी हसलो होतो. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तासातासाला रसाची रीडिंग टिपणारा माणूस मी, नोंद म्हणजे काय ते बायकोनं मला शिकवायचं होय, असा माझा तोरा. मार्चमध्ये बेंगळुरूच्या मावसभावानं तो हातात मावणारा जुना कॉम्प्युटर, पामटॉप, दिला आणि मला भलताच चेव आला. वहीतलं सगळं त्यात भरलं, वही माळ्यावर टाकली, आणि तुला सांगितलं की इथनं पुढं सगळं यातच लिहायचं. तुझं शिक्षण संकेश्वरला आजोळी, कानडी शाळेत. तरी तू पडद्यावर टेकवायच्या त्या काडीनं इंग्रजी अक्षरं एकेक शोधून मराठी लिहायला शिकलीस. पोरीला मांडीवरनं खाली ठेवून लिहायचीस. तो पामटॉप कॉम्प्युटरशेजारच्या खाचेत बसवून बटण दाबलं की दोन्हीकडच्या नोंदी सारख्या व्हायच्या, हे मी पावण्यारावळ्यांना जादू दाखवल्यासारखं दाखवायचो.

आणि माझं काम काय होतं? मी राजारामपुरीत कॅफेत जाऊन बसायचो. फिटवरचं जे दिसेल ते फ्लॉपीवर उतरवून घ्यायचो. कुठल्या तरी देशातली आई लिहायची, कुठला डॉक्टर लिहायचा, मी सगळं घरी आणून साठवायचो. तू विचारायचीस, त्यात काय लिहिलंय ते मला सांगा की. मी म्हणायचो, निवांत वाचून सांगतो. परवा मोजले, दोनशे चौदा लेख आहेत. पुरते वाचलेले अकरा. साठवलं की वाचल्यासारखंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. ते सगळे फ्लॉप्यांवर जागच्या जागी आहेत बघ, एक हरवला नाही. जगातल्या पोरांचं सगळं मी जपलं आणि आपल्या पोरीच्या दहा महिन्यांच्या नोंदी गेल्या. एप्रिलपासून जानेवारीपर्यंत काही उरलं नाही.

बुधवारी गॅस संपला. मागचा सिलिंडर कधी घेतला ते बघायला मी स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर उचललं. तुझ्या सवयीप्रमाणं नवं जुन्याच्याच खिळ्याला लावलेलं, खाली गेलं साल तसंच होतं. डिसेंबरच्या पानावर सिलिंडरची तारीख होती, बयाबाईच्या दुधाच्या खाड्यांच्या फुल्या होत्या, आणि हळदीची बोटं होती. फोडणीचे डाग असतील म्हणून मी पान सोडणार होतो. पण डाग असे चौकटीच्या आत, डाव्या नाहीतर उजव्या कोपऱ्यात बसतात होय? कुठं एक बोट, कुठं दोन, कुठं कुंकू. शेजारी पेन्सिलीनं बारीक कानडी अक्षर. नोव्हेंबर, ऑक्टोबर करत मी मागं गेलो. पार एप्रिलपर्यंत आहेत, आणि नव्या कॅलेंडरच्या जानेवारीतही. मी तिथंच फरशीवर बसलो आणि रडलो. पोरगी हातात तडफडत असताना काडी कुठं शोधणार, हाताला लागेल ते बोट आधी टेकवायचीस आणि सवडीनं पामटॉपमध्ये लिहायचीस, हे मला बुधवारी कळलं. तुला ही नोंद वाटलीच नसणार. पडद्यावर असेल तीच नोंद, असं मीच तुझ्या डोक्यात भरवलं होतं.

झेरॉक्सला नेलं तर हळद उमटतच नाही, हळदीच्या चौकटी कोऱ्या येतात. म्हणून काल रजा टाकून एका वहीत तारखेवार सगळ्या खुणा हातानं उतरवून घेतल्या. तीनशे सहा आहेत. डावा कोपरा म्हणजे डावा हात असेल, असा माझा अंदाज. कुंकू म्हणजे काय? लांबलेली, की रक्त आलेली? कानडी अक्षरं शेजारच्या शिवलीलावहिनींना दाखवली. त्यांनी अक्षरं वाचली, पण त्यांचा अर्थ त्या तरी काय सांगणार. तो एकट्या तुला ठाऊक आहे. खरी दोन्ही कॅलेंडरं या पत्राबरोबर गुंडाळून पाठवतोय. जपून सोड, हळद सुटते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहितो. नोंदी तुझ्या हातनं गेल्या नाहीत. त्या शनिवारी बिघडलेला कॉम्प्युटर दुरुस्त होऊन, आतलं सगळं पुसून आला तेव्हा तू सौंदर्याला घेऊन देवळात गेली होतीस. मार्चमध्ये काढलेल्या सीडीवरच्या नोंदी मी त्यात भरल्या आणि पामटॉप लावला. पडद्यावर प्रश्न आला की दोन्हीकडं वेगळं आहे, खरं कुठलं धरू. मी कॉम्प्युटर म्हटलं. मोठ्या यंत्रातलं खरं, तुझ्या हातातलं काय, असंच माझ्या मनात आलं असणार. पामटॉपमधल्या तुझ्या नोंदी त्यानं पुसून टाकल्या हे दोन मिनिटांत कळलं आणि मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तू पामटॉप उघडून किंचाळलीस, माझंच काहीतरी दाबलं गेलं म्हणालीस, आणि मी तुला पोरीच्या जिवावर उठलीस म्हणालो. तू स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होतीस, सौंदर्या तुझा हात धरत होती, आणि मी बघत उभा होतो. चौदा दिवस मी हे सांगितलं नाही. माफी मागत नाही, तेवढं तोंड मला राहिलेलं नाही. तू फक्त प्रत्येक खुणेपुढं तिचा अर्थ लिही आणि गुरुवारी नऊ वाजता पोरीला घेऊन दवाखान्यात ये. माझ्याबरोबर बसायचं नसेल तर सोमेशला आत ने, मी बाहेर रस्त्यावर थांबेन. पण ये. आणि हा परिच्छेद सोमेशला मोठ्यानं वाचून दाखव, सौंदर्यालाही ऐकू जाऊ दे. तिच्या अव्वाकडनं, म्हणजे तुझ्याकडनं, काही चुकलं नव्हतं, एवढं तिला कळू दे.

तुझाच,
अण्णाप्पा