गयाबाईच्या नवऱ्याचं नाव

१६ जुलै ७२, रविवार
या वहीची आधी माफी मागतो. संक्रांतीला सुमन माहेरी आली तेव्हा तिनं हातात दिली. म्हणाली, "आण्णा, पोटातलं सगळं हितं लिवा, म्हंजी आईच्या डोक्याला ताप न्हाई." सहा महिने कोरी पडली. चौथी शिकलेला माणूस, काय लिहिणार. आता जेवण गोड लागेना म्हणून बसलो.

कारण असं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होतात म्हणून पंचायत समितीच्या आवारात दगडी खांब उभा राहतोय. तालुक्यातले जे तुरुंगात गेले त्यांची नावं त्यावर कोरणार. माझं आहे. गयाबाई कासारणीचं नाही. बेचाळीस साली भूमिगत पोरांच्या चिठ्ठ्या तिनं बांगड्यांच्या टोपलीतून गावोगाव पोचवल्या. पोलीस टोपली उलटी करायला धजत नसत, बांगडी वाढवली तर अपशकुन त्यांच्याच घराला. चावडीवर झेंडा लावला त्या दिवशी मी आणि ती बरोबरच धरले गेलो. मला विसापूर, तिला येरवडा. आणि कचेरी म्हणते, गयाबाई सोमाजी या नावाची नोंदच नाही.

मेळाव्याला खासदार आले होते, त्यांना बोलून बसलो. ते म्हणाले, "लोकसभेत प्रश्न टाकतो." तेव्हापासून एकच, कशाला बोललो.

१९ जुलै
गयाबाईला सांगायला गेलो. ती एका नव्या नवरीच्या हातात बांगड्या भरत होती. वर न बघताच म्हणाली, "भाऊ, दिल्लीत कुनाला बांगड्या भरायच्या असल्या तर माझं नाव सांगा."

मी म्हटलं, चौकशी लागेल, साहेब येतील.

"इंग्रजाला भ्यालो न्हाई आपन. आन तुमी आपल्याच सरकारला भिताय व्हय."

नवरीसुद्धा हसली. निघालो तेव्हा मात्र हळूच विचारलं, "खांबावर त्यांचंबी नाव येतंय का, माझ्या नावाला लागून?" येतं म्हटलं. मग तिनं पुढच्या बांगडीला हात घातला.

त्यांचं म्हणजे नवऱ्याचं, सोमाजीचं. तो जाऊन दहा वर्षं झाली. गयाबाईनं त्याचं नाव जन्मात तोंडानं घेतलेलं नाही. सोमवारलासुद्धा ती शंकराचा वार म्हणते. ती येरवड्यात होती तेव्हा सोमाजीनं पोरं सांभाळली, भाकरी थापल्या. बायको तुरुंगात धाडली म्हणून भावकीनं त्याला लग्नकार्याला बोलावणं बंद केलं. गडी कधी कुणाशी त्यावरून भांडला नाही.

२९ जुलै
खासदार साहेबांचं, म्हणजे खा. सा. चं, कार्ड. प्रश्न दाखल झाला, आठवड्यात उत्तर मिळेल. मला साक्षीला दिल्लीला बोलावलं तर? धड धोतर एकच. तिथे तंबाखू चालते का, कुणाला विचारावं. कारभारीण म्हणते, "बोलवत न्हाई तुमाला कुनी. जेवा." (तिला यापुढे का. लिहितो, शाई वाचते.)

३ ऑगस्ट
पंचायतीच्या रेडिओजवळ बसून आलो. धान्य, दुष्काळ, रेल्वे. आपलं काही नाही. पाचशे माणसांच्या सभेला एका कासारणीचं काय पडलंय. पण मग वाटतं, नसतं पडलं तर प्रश्न घेतलाच नसता. दोन्ही बाजूंनी काळजी.

५ ऑगस्ट, शनिवार
आलं. पुण्याच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी. शाळेच्या गुरुजींनी पारावर मोठ्यानं वाचल्या. मंत्र्यांनी लोकसभेत उत्तर दिलं की जुन्या दप्तरात नोंद सापडली, सदर महिलेला बेचाळीसमध्ये शिक्षा झालेली आहे, नाव खांबावर घेण्यात येईल. लोकांनी टाळ्या पिटल्या. पुढे गुरुजी अडखळले. नाव छापलं होतं, गयाबाई भ्रतार रंभाजी.

रंभाजी म्हणजे मी.

पार हसून लोळायचा राहिला. मला दरदरून घाम. मग आठवलं. बेचाळीसला धरून नेलं तेव्हा कचेरीत हवालदारानं तिला नवऱ्याचं नाव विचारलं. ती कसली सांगते. दुसऱ्या कुणी सांगायचं ही आपली रीत, म्हणून तिनं शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे हात केला. हवालदार आपल्याकडचा नव्हता, कुठला लांबचा, त्याला वाटलं हाच नवरा. मी सोमाजीचं नाव सांगायच्या आत त्यानं माझं विचारलं, मी सांगितलं, आणि तेच तिच्यापुढे लिहून तो मोकळा. लिहिलेलं आम्हाला कोण दाखवतो. तीस वर्षं ती सरकारात माझी बायको.

घरी यायच्या आधी बातमी घरी.

का. चुलीपाशी. "आलात? सवतीला न्हाई आनलं संगं?"

"अगं, चूक झालीय ती."

"तीस वर्सं सवत नांदतीया आन मला पत्ता न्हाई. बांगड्या तरी फुकट भरायच्या हुत्या तिनं."

पदरात तोंड घालून हसत होती. मी जेवलो नाही. मग जेवलो.

७ ऑगस्ट
कचेरीत गेलो. कारकून भला माणूस. म्हणाला, "बाबा, नाव लागतंय ना? लागू द्या. मंत्र्यांनी सभागृहात सांगितलेलं मी इथे बसून कसं बदलू? आता खोडाखोड काढली तर पंधरा तारखेला काहीच लागायचं नाही."

गयाबाईला तसंच सांगितलं. तिनं टोपली बाजूला सारली. "मग नगा लागू दिऊ. ज्यांनी माझ्यापायी भावकी सोडली त्यांना पुसून दुसऱ्याची बायकू व्हऊन खांबावर चढू व्हय? राग नगा मानू भाऊ, तुमी मानूस चांगलं हाय."

राग कसला. मान खाली घालून आलो. गुरुजी म्हणाले, लोकसभेत चुकीचं सांगितलं गेलं तर मंत्र्याला तिथेच उभं राहून दुरुस्त करावं लागतं, तसा नियमच आहे. त्यांनीच पोस्टातून खा. सा. ना तार केली.

म्हणजे एक मंत्री भर लोकसभेत उठून सांगणार, गयाबाईच्या नवऱ्याचं नाव सोमाजी. हे मनात चार वेळा घोळवून बघितलं. तेव्हा सरकार विचारायचं आणि आपण हात जोडून उत्तर द्यायचं. आता आपण विचारतो आणि सरकार उठून उभं राहतं.

लगेच वाटलं, आपल्यापायी मंत्र्याला उठावं लागणार. बरं दिसेल का ते?

११ ऑगस्ट, शुक्रवार
दिल्लीहून विचारणा आली असणार. नायब तहसीलदारांची जीप आली. तरणे, गोड बोलणारे. चावडी भरून गेली, बायका दारापर्यंत. साहेब म्हणाले, जबानी बाईंच्याच तोंडची हवी, दुसऱ्यानं सांगितलेलं चालणार नाही, मागे तेच झालं.

"आजी, नवऱ्याचं नाव सांगा."

गयाबाईनं पदर पुढे ओढला. पुन्हा विचारलं. तिचे ओठ हलले, आवाज नाही. कपाळावर घाम. मागून कुणी म्हणालं, नाव घ्यायचं तर उखाणा घाला. कुणी हसलं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, संपलं, मीच गेलो असतो तर बरं होतं, कुठे ते कळेना.

तेवढ्यात का. उठली. बायकांतून वाट काढत पुढे आली, गयाबाईला खेटून बसली, पदर सारखा केला आणि साहेबांकडे बघून म्हणाली, "त्यो कोपऱ्यात बसलाय ना घाम पुसत, त्यो माझा नवरा. रंभाजी. रंभाजी नाव त्याचं." मग गयाबाईकडे वळली. "झालं. पडलं का आभाळ? आता तू बोल, सवतबाई."

चावडी फुटली हसून. गयाबाईही हसायला लागली, डोळे पुसत हसायला लागली, आणि त्या हसण्यातच बोलून गेली. सोमाजी.

"काय म्हणालात?"

"सोमाजी." मग जरा मोठ्यानं, "सोमाजी."

"लिहिलं आजी, पुरे."

"तुमी लिवा. मी आपली म्हनतीय."

आणखी एकदा म्हणाली. साहेबांनी टाक खाली ठेवला आणि तिचं होईपर्यंत थांबले. भला मुलगा.

माझं नाव का. च्या तोंडून लग्नापासून पहिल्यांदाच ऐकलं. इतकं बरं नाव असेल असं वाटलं नव्हतं.

१२ ऑगस्ट
का. ला चटक लागलीय. सकाळपासून, "रंभाजी, चा घ्या. रंभाजी, शेळी बांधा." शेजारच्या सुना खिडकीशी. मी म्हटलं, बास आता, लोक काय म्हणतील. म्हणाली, "लोकसभेत गेलंय नाव तुमचं, आता काय लाजता."

१५ ऑगस्ट, मंगळवार
खांब उघडा झाला. झेंडा, बँड, पोरांना लाडू. माझं नाव बघितलं, बरं कोरलंय. त्याखाली "गयाबाई" आणि पुढे मोकळी जागा. पाथरवट म्हणाला, दिल्लीत दुरुस्ती वाचून दाखवली आणि कागद आला की एका दिवसात कोरतो, हत्यारं कचेरीतच ठेवलीत. गयाबाईनं त्या जागेवर बोटं फिरवली. "पुरंल," म्हणाली. का. नं तिला लाडू भरवला, तिनं का. ला. दोघी एकाच ओट्यावर बसून माझ्यावर हसत होत्या, कशाला ते सांगितलं नाही.

जागा पुरेल हे खरं. पण अधिवेशन संपलं तर? मंत्री बदलला तर? कागद खाली पडला तर? घरी आल्याबरोबर खा. सा. ना कार्ड लिहिलं, या वेळी गुरुजींना न दाखवता. त्यात लिहिलं, साहेब, तुम्ही आमच्यासाठी उभे राहिलात, तुमचे उपकार. आता एवढंच करा. मंत्रिसाहेब ज्या दिवशी उठून ते नाव घेतील त्याच दिवशी कळवा. गयाबाई हल्ली एस. टी. च्या थांब्यावर टोपली घेऊन बसते, म्हणते गिऱ्हाईक तिथे बरं. पेपरचा गठ्ठा तिथेच उतरतो. तिला वाचता येत नाही, पण आलेल्या प्रत्येकाला ती विचारते, नाव आलं का. तेव्हा लवकर कळवा.